शब्दाची वाट पाहणारा शिक्षक

स्वमग्न मुलांना सर्वसाधारण शाळेत, इतर मुलांच्या बरोबरीने शिकविण्याचा विचार आपल्याकडे आता रुजू लागला आहे. अशा मुलांसाठी शिक्षक चित्रांचे पत्ते वापरतात, प्रत्येक वस्तूची जागा ठरवून देतात, एका मोठ्या कृतीचे दहा लहान टप्पे पाडतात आणि मुलाच्या आवडीच्या गोष्टीपासून पाठाला आरंभ करतात. या साधनांपैकी बरीचशी दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमधील एका तरुण वैद्याने एकाच विद्यार्थ्यासाठी, बहुतांशी स्वतःच्या कल्पनेने तयार केली होती. त्या वैद्याचे नाव जाँ मार्क गास्पार इतार. विशेष शिक्षणाच्या इतिहासात त्यांना आद्य शिक्षकाचा मान दिला जातो. तो रास्तच आहे. मात्र त्यांच्या हातून एक मोठी चूकही घडली आणि तिची नोंद त्यांच्याच प्रांजळ अहवालांतून आपल्याला मिळते.

इतार यांचा जन्म २४ एप्रिल १७७४ रोजी दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात, ओरेझों या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. शिक्षणाचा भार धर्मोपदेशक असलेल्या चुलत्यांनी उचलला. मुलाने व्यापारात पडावे, पेढीवर बसावे, अशी घरच्यांची इच्छा होती. परंतु फ्रेंच राज्यक्रांतीने असंख्य तरुणांप्रमाणे त्यांचेही आयुष्य वेगळ्या वळणावर नेले. १७९३ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली तेव्हा रणांगणावर जाण्याऐवजी त्यांना एका लष्करी रुग्णालयात साहाय्यकाचे काम मिळवून देण्यात आले. वैद्यकाचे कोणतेही शिक्षण नसताना ते रुग्णसेवेत शिरले आणि तेथेच रमले. पुढे १७९६ मध्ये ते पॅरिसला आले, व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात प्रख्यात शल्यवैद्य लारे यांच्या हाताखाली शिकले आणि ३१ डिसेंबर १८०० रोजी सँ-जाक रस्त्यावरील राष्ट्रीय मूकबधिर संस्थेचे वैद्य म्हणून रुजू झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सव्वीस होते. पुढची जवळजवळ अडतीस वर्षे ते त्याच संस्थेशी निगडित राहिले.

त्यांचा विद्यार्थी त्यांच्याआधी काही महिने तेथे येऊन पोहोचला होता. ताऱ्न आणि आव्हेरों या डोंगराळ मुलखातील लोकांनी १७९७ पासून एक नागडा मुलगा रानात हिंडताना पाहिला होता. तो पकडला गेला, पळाला, पुन्हा पकडला गेला, पुन्हा पळाला. अखेर जानेवारी १८०० मध्ये, कडाक्याच्या थंडीत, तो सँ-सेर्नँ गावी एका रंगाऱ्याच्या घराच्या आवारात आपण होऊन आला. वय अकरा-बारा वर्षांचे असावे. अंगावर जखमांच्या खुणा होत्या आणि गळ्यावर एक लांब व्रण. तो बोलत नव्हता. बोनातेर नावाच्या धर्मगुरूंनी, जे निसर्गविज्ञानाचे अध्यापकही होते, रोदेझ येथे त्याचे काही महिने निरीक्षण केले आणि गृहमंत्री ल्यूसियाँ बोनापार्त यांच्या आज्ञेने ऑगस्टमध्ये त्याला राजधानीत आणण्यात आले. मनुष्य जन्मतः काय घेऊन येतो आणि समाज त्याला काय देतो, हा त्या काळातील विद्वानांचा लाडका वाद होता. त्या वादाचे जिवंत उत्तर पाहावयास मिळणार म्हणून पॅरिसची गर्दी लोटली. गर्दीने पाहिले ते असे की एक मळका मुलगा तासन्‌तास पुढेमागे झुलत बसतो, कोणाच्या डोळ्यांकडे फारसे पाहत नाही आणि अडवले तर चावतो. लोकांचे कुतूहल लवकरच ओसरले. मुलगा संस्थेच्या आवारात जवळजवळ बेवारस झाला.

मनोरुग्णांच्या पायांतील साखळ्या काढणारे म्हणून ज्यांची कीर्ती आहे, त्या फिलिप पिनेल यांनी त्याची तपासणी केली. वेड्यांच्या रुग्णालयांत आपण पाहिलेल्या मतिमंद मुलांशी त्यांनी त्याची तुलना केली आणि याच्या शिक्षणापासून काही आशा धरण्यात अर्थ नाही, असा निर्वाळा दिला. पिनेल हे इतार यांना गुरुस्थानी होते. तरीही या नवख्या वैद्याने त्यांचे मत नाकारले. मुलगा जन्मतः उणा नसून दीर्घकाळच्या एकांतवासामुळे असा झाला आहे, तेव्हा शिक्षणाने तो सावरेल, असे त्यांचे म्हणणे होते. आज मागे वळून पाहता दोघांच्याही निदानात अर्धे सत्य आढळते. कोणते मूल शिकू शकेल आणि कोणते नाही, हे एका तपासणीत ठरवू नये, याबाबतीत मात्र तरुण इतार आपल्या गुरूंहून शहाणे ठरले.

मुलाचा दैनंदिन सांभाळ मादाम गेराँ या बाईंकडे सोपवण्यात आला. शिकवणीचा आरंभ इतार यांनी ज्या रीतीने केला ती पाहून आजच्या शिक्षकालाही नवल वाटेल. त्यांनी प्रथम मुलाकडून काहीही मागितले नाही. त्याला अंधार पडताच झोपायचे असे, तर झोपू दिले. बागेत भटकायचे असे, तर मादाम गेराँ त्याला घेऊन जात. त्याला बर्फ प्रिय होते. सकाळी बर्फ पडलेले दिसले की अर्धवट कपड्यांनिशी तो बागेत धावे आणि त्यात लोळे. जेवण झाल्यावर पाण्याचा पेला घेऊन तो खिडकीशी जाई आणि बाहेरच्या झाडांकडे पाहत एकेक घोट घेई. चांदण्या रात्री तो खिडकीपाशी निश्चल उभा राही. या साऱ्या आवडी इतार यांनी बारकाईने टिपून ठेवल्या. समाजातील जगणे त्याला रानातील जगण्याहून सुखाचे वाटले पाहिजे, हे त्यांनी आपले पहिले उद्दिष्ट ठरविले होते.

इंद्रियांविषयीची त्यांची निरीक्षणे तर आज एखाद्या स्वमग्न मुलाच्या नोंदवहीत शोभावीत अशी आहेत. मागे पिस्तूल झाडले तरी मुलगा जेमतेम हलत असे. पण शेजारच्या खोलीत कोणी अक्रोड फोडला की तत्काळ मान वळवी. उकळत्या पाण्यातील बटाटे तो हाताने काढून घेई. इतार यांनी याचा अर्थ असा लावला की वापराअभावी याची इंद्रिये बोथट झाली आहेत. म्हणून रोज दोन-तीन तास ऊन पाण्याचे स्नान, अंगाला चोळणे, गरम-थंडाची ओळख, असा क्रम सुरू झाला. काही आठवड्यांत मुलगा पाण्याचे तापमान बोटाने पाहूनच न्हाणीत उतरू लागला. कारणमीमांसा कदाचित चुकीची असेल. पण स्पर्श, तापमान आणि ध्वनी यांपासून शिक्षणाला आरंभ करण्याची ही रीत पुढे शंभर वर्षांनी रोमच्या एका बालशाळेत पुन्हा अवतरणार होती.

‘ओ’ या स्वराकडे मुलगा कान देतो, असे लक्षात आल्यावर तो स्वर असलेले नाव निवडण्यात आले : व्हिक्टर. फ्रेंच उच्चारात त्या नावातला ‘ओ’ चांगला घुमतो. उपड्या पेल्यांपैकी कोणत्या पेल्याखाली खाऊ दडविला आहे, हे ओळखण्याचा खेळ त्याच्याशी खेळण्यात आला. त्यातून एकाग्रता आणि स्मरण यांचा सराव झाला. किल्ली, कात्री, हातोडा अशा वस्तूंची रेखाचित्रे फळ्यावर काढून प्रत्येक चित्रावर त्याची वस्तू लावण्याचा पाठ झाला. व्हिक्टरला सुव्यवस्थेची विलक्षण ओढ होती. कोणी एखादी वस्तू हलविली की तो ती मुकाट्याने पूर्वीच्या जागी नेऊन ठेवी. ही ओढ इतार यांनी अडथळा मानली नाही, तिच्यावरच पाठ बेतला. मात्र चित्रावरून शब्दावर जाताना मुलगा अडला. रागाने थरथरला, अंथरुणाच्या चादरी चावू लागला. इतार यांनी दोष स्वतःच्या पाठाला दिला. उडी फार मोठी होती हे ओळखून त्यांनी मध्ये नव्या पायऱ्या घातल्या : आधी रंग, मग आकार, मग सुटी अक्षरे.

पुढची अडचण अधिक खोल होती आणि आजही ती प्रत्येक वर्गात भेटते. ‘पुस्तक’ हा शब्द दाखविला की व्हिक्टर आतल्या खोलीतून पुस्तक आणून देई. एकदा ती खोली बंद करून इतार यांनी समोरच पडलेल्या दुसऱ्या पुस्तकाकडे त्याचे लक्ष वेधले. त्याला काहीच उमगेना. त्याच्या लेखी तो शब्द त्या एका पुस्तकाचे खासगी नाव होता. अनेक दिवसांच्या सरावाने ही गाठ सुटली, तर तो दुसऱ्या टोकाला गेला. चाकू मागितला की वस्तराही चालेल असे त्याला वाटू लागले. शाळेत शिकलेले घरी वापरता न येणे, एका वहीत सोडविलेले गणित दुसऱ्या वहीत परके वाटणे, या तक्रारी स्वमग्न मुलांच्या पालकांना चांगल्या परिचयाच्या आहेत. इतार यांनी त्यावर चिकाटीने काढलेले उपाय वाचताना काळाचे अंतर विसरायला होते.

या सहृदय शिक्षकाच्या हातून क्रौर्यही घडले. व्हिक्टरचे संतापाचे झटके वाढले तेव्हा, त्याला उंचीची भीती वाटते हे ठाऊक असल्याने, त्यांनी त्याला चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर धरले. मुलगा पांढराफटक पडला, मग निमूटपणे पाठाला बसला आणि नंतर बिछान्यावर पडून रडला. आणखी एकदा त्याला न्यायाची जाण आली आहे का, हे पाहण्यासाठी, पाठ अचूक झाला असतानाही त्यांनी त्याला शिक्षा करण्याचा आव आणला. व्हिक्टर प्रतिकार करीत त्यांच्या हाताला चावला. आणि अन्यायाची चीड आली म्हणून इतार यांना आनंद झाला. या प्रसंगाकडे शैक्षणिक यश म्हणून पाहणे मला तरी कठीण जाते.

आता त्या मोठ्या चुकीकडे वळू. इतार यांना मनापासून हवी होती ती वाचा. ज्ञानाचे मूळ संवेदनेत आणि विचाराचे मूळ भाषेत असते, या काँदियाकच्या तत्त्वज्ञानाचा त्यांच्यावर गाढ प्रभाव होता. गरज निर्माण झाली की शब्द फुटेल, अशा विश्वासाने त्यांनी पाण्याचा पेला तहानलेल्या मुलापुढे धरून पाण्याच्या शब्दाचा उच्चार पुन्हापुन्हा केला. मुलगा तळमळला, हात हलवू लागला, बोलला नाही. पुढे त्याच्या तोंडून दुधासाठीचा शब्द बाहेर पडला, पण दूध मिळाल्यानंतर, आनंदाचा उद्गार म्हणून. मागणी म्हणून तो शब्द आला नाही, याची खंत इतार यांनी नोंदविली आहे.

आणि हे सारे चालू असताना व्हिक्टर अखंड बोलत होता! पाहुणे नकोसे झाले की तो त्यांची टोपी, काठी, हातमोजे त्यांच्या हाती देई आणि हलकेच दाराकडे लोटी. हातगाडीत बसून फिरायचे असले की कोणाचा तरी हात धरून तिच्यापाशी नेई, हात मुठीवर ठेवी आणि स्वतः आत जाऊन बसे. दूध हवे असले की लाकडी भांडे मादाम गेराँपुढे ठेवी. सुट्या अक्षरांनी दुधाचा शब्द जुळवायला शिकल्यावर आठवड्याभरातच, ज्या ओळखीच्या घरी त्याला रोज दूध मिळे तेथे जाताना, त्याने ती चार अक्षरे आपण होऊन खिशात घातली आणि तेथील मेजावर मांडली. कोणी सांगितलेले नव्हते.

आणखी एक गोष्ट अशी की, ज्या वास्तूत हे घडत होते ती हातांच्या भाषेने गजबजलेली होती. आबे द लेपे यांनी स्थापन केलेल्या आणि आबे सिकार चालवीत असलेल्या त्या संस्थेत कर्णबधिर मुले दिवसभर खुणांनी बोलत, भांडत, गोष्टी सांगत. जाँ मासिए हे स्वतः कर्णबधिर असलेले अध्यापक तेथे शिकवीत होते. व्हिक्टरला मात्र ती भाषा शिकविली गेली नाही. त्याची शिकवणी इतार यांच्या खोलीत स्वतंत्र चाले आणि राहणे मादाम गेराँ यांच्यापाशी असे. खुणा दिल्या तर तो बोलण्याचे कष्ट घेणार नाही, या धास्तीने वाचेची वाट मोकळी ठेवण्यात आली आणि शेजारचे दार बंदच राहिले. खुणांची भाषा त्याला कितपत साधली असती, हे कोणी सांगू शकणार नाही. तो प्रयोग झालाच नाही.

१८०१ मध्ये पहिला अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा इतार यांचे नाव युरोपभर झाले. दुसरा अहवाल त्यांनी १८०६ मध्ये शासनासाठी लिहिला. त्यात यश आणि अपयश दोन्ही तितक्याच स्पष्टपणे मांडलेले आहे : इंद्रिये तरतरीत झाली, लिखित शब्द कळू लागले, माया उपजली, वाचा आली नाही. मायेचा एक प्रसंग हृद्य आहे. मादाम गेराँ यांचे पती निवर्तले त्या दिवशी व्हिक्टरने सवयीप्रमाणे त्यांचेही ताट मांडले. बाईंना हुंदका आवरेना. हे दुःख आपल्यामुळे झाले असे वाटून त्याने ताट उचलले, जागच्या जागी नेऊन ठेवले आणि पुन्हा कधी मांडले नाही. दुसऱ्याचे मन ओळखण्याची कुवत या मुलांना नसते, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही नोंद अवश्य वाचावी.

अहवालानंतर नियमित शिकवणी थांबली. पुढे तो संस्थेत राहणे गैरसोयीचे मानले गेले आणि मादाम गेराँ यांच्यासह त्याची रवानगी जवळच्याच फयाँतीन गल्लीतील एका लहानशा घरात झाली. सरकारकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या नेमणुकीवर त्या बाईंनी त्याला आयुष्यभर सांभाळले. १८२८ मध्ये, चाळिशीच्या सुमारास, व्हिक्टरचा मृत्यू झाला. इतिहासात मादाम गेराँ यांचे नाव सहसा एका ओळीत उरकले जाते. त्याला बोलते करण्याची घाई नसलेली ती एकमेव व्यक्ती होती. एकदा तो पळून गेला, पकडला जाऊन कोठडीत पडला, तेव्हा बाई दिसताच तो प्रथम मूर्च्छित झाला आणि शुद्धीवर येताच हर्षाने आरडू लागला. त्याला कोणाचा ओढा होता, हे त्यावरून उघड आहे.

इतार तोवर कानाच्या रोगांचे युरोपातील अग्रगण्य तज्ज्ञ झाले होते. १८२१ मध्ये त्यांचा त्या विषयावरील मोठा ग्रंथ निघाला. बहिरेपणावर इलाज शोधण्याच्या नादात त्यांनी संस्थेतील मुलांवर जळवा, डागण्या, कानाच्या पडद्याला छिद्रे असे यातनामय प्रयोग केले आणि त्यांतील एकाचाही उपयोग होत नाही, असा निष्कर्ष काढला. उतारवयात कर्णबधिरांच्या शिक्षणात खुणांच्या भाषेचे मोल त्यांना मान्य करावे लागले. वाचेचा मोह तरीही शेवटपर्यंत सुटला नाही. व्हिक्टर गेला त्याच वर्षी त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. ऐकू येत असूनही न बोलणाऱ्या, माणसांपासून दूर राहणाऱ्या मुलांचे त्यात वर्णन आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये आणि हान्स आस्पेर्गर यांनी १९४४ मध्ये ज्या अवस्थेला नाव दिले, तिचे हे फार आधीचे शब्दचित्र असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. व्हिक्टर स्वतः स्वमग्न होता काय, यावर एकमत नाही. हार्लन लेन यांनी १९७६ मध्ये ते अमान्य केले, तर उटा फ्रिथ यांनी १९८९ मध्ये त्याच्यात स्वमग्नतेची लक्षणे दाखविली. दोन शतकांनंतर निदान करणे धाडसाचेच. पण त्याला शिकविताना आलेल्या अडचणी स्वमग्न मुलांच्या शिक्षकाला अनोळखी वाटत नाहीत.

१८३७ मध्ये एदुआर सेगाँ नावाचा तरुण आजारी इतार यांच्याकडे मार्गदर्शनासाठी आला. एका मतिमंद मुलाला शिकविण्याचे काम त्याने हाती घेतले होते. वर्षभरातच, ५ जुलै १८३८ रोजी, इतार यांचे निधन झाले. सेगाँने ती पद्धत विस्तारली, पुढे ती अमेरिकेत नेली. शतकाच्या अखेरीस रोममधील मारिया मॉन्टेसरी यांनी या दोघांचे लेखन स्वतःच्या हाताने उतरून काढले, आणि १९०७ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या बालगृहात खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून सर्वसाधारण मुले बोट फिरवू लागली. गिजुभाई बधेकांच्या भावनगर येथील बालमंदिरात मॉन्टेसरींचे विचार रुजले होते. तेथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांत परिसरातील स्वस्त वस्तूंपासून आपले साहित्य घडविले. रानातून आलेल्या एका मुलासाठी योजलेली साधने अशी वळणे घेत आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील रानावनांतल्या मुलांच्या हाती आली.

१९७० मध्ये फ्रान्स्वा त्रुफो यांनी या कथेवर चित्रपट काढला आणि इतार यांची भूमिका स्वतः केली. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने स्वमग्नतेचा समावेश केला, सर्वसमावेशक शिक्षणाची व्याख्या केली आणि बोलण्याला पूरक वा पर्यायी ठरणाऱ्या संवादसाधनांना चालना देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. चित्राचा पत्ता देऊन वस्तू मागणे, फलकावरील शब्दावर बोट ठेवणे, यंत्रातून आवाज काढणे हे सारे त्या साधनांत येते. व्हिक्टरने खिशात घालून नेलेली दुधाची चार अक्षरेही त्यांत आली असती.